वाशिष्ठीची खाडी आणि तिच्यातील मासेमारी

रत्नागिरी जिल्ह्यातील नद्या लांबीने तोकड्या असल्या तरी उताराने तीव्र आहेत. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेले पावसाचे पाणी काही तासांतच समुद्राला मिळते. पावसाळा सरला की नद्यांचे प्रवाह रोडावतात आणि उन्हाळ्यात बहुतेकींच्या पात्रांत डोहांपुरतेच पाणी उरते. त्यांच्या मुखाकडचा भाग मात्र कधीच आटत नाही. तेथे दिवसातून दोनदा समुद्र आत शिरतो व दोनदा परततो. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे मिसळते, त्या पट्ट्याला कोकणात खाडी म्हणतात.

चिपळूण तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी उगम पावणारी वाशिष्ठी अशाच एका मोठ्या खाडीची जननी आहे. चिपळूण शहराजवळील गोवळकोटपर्यंत भरतीचे पाणी चढते. तेथून खाली खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दोहोंचा विस्तीर्ण प्रवाह उत्तरेस दाभोळ व दक्षिणेस अंजनवेल यांच्या मधून अरबी समुद्रात जातो. गोवळकोट ते मुख हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर भरते. चिपळूण, खेड, दापोली व गुहागर या चार तालुक्यांतील गावे या खाडीच्या काठी वसली आहेत.

दाभोळ हे मध्ययुगात पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात याच बंदरातून मायदेशी निघाला, आणि १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळले. पुढे बंदराचे वैभव ओसरले. खाडीकाठची अनेक गावे डोंगराच्या उतरणीवर व पाण्याच्या कडेला विखुरलेली असल्याने दीर्घकाळ त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध होडीनेच राहिला. २००३ पासून दाभोळ व धोपावे यांच्या दरम्यान वाहने नेणारी फेरीबोट सुरू आहे. परंतु आतील गावांना आजही रस्ता लांबून आणि पाणी जवळून जाते. या गावांतील भोई, खारवी व दाळदी समाजाची उपजीविका पिढ्यान् पिढ्या खाडीतील मासळीवर चालत आली आहे.

सह्याद्रीपलीकडचे पाणी

वाशिष्ठीची खाडी कोकणातील इतर खाड्यांपेक्षा एका बाबतीत अगदी निराळी आहे. कोयना नदी वस्तुतः कृष्णेची उपनदी. तिचे पाणी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जावयाचे. परंतु कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातील पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणून पोफळी येथे १९६२ पासून वीजनिर्मिती सुरू झाली. जनित्रांवरून उतरलेले हे पाणी, ज्याला अवजल म्हणतात, अखेर वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात पश्चिमेकडे वळवावयाच्या या पाण्याला वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. हा आकडा घनमीटरमध्ये मांडला तर सुमारे १९१ कोटी होतो. वर्षभर समप्रमाणात विभागल्यास दर सेकंदाला साठ घनमीटर पाणी होईल. मे महिन्यात शेजारच्या नद्यांच्या पात्रातून माणसे कोरड्या पायांनी चालत जात असतात, तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते, ती या अवजलामुळे.

चिपळूणकरांना या पाण्याचे महत्त्व पिण्याच्या व शेतीच्या दृष्टीने सहज पटते. खाडीतील मासेमाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा आहे. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार असतात, नदीच्या पाण्यात जवळजवळ नसतात. खारे पाणी जड असल्याने ते तळाशी पाचरीसारखे आत घुसते आणि गोडे पाणी त्याच्यावरून बाहेर वाहते. ही पाचर कोठपर्यंत पोहोचते, यावर कोणती मासळी कोठे सापडणार हे ठरते. पावसाळ्यात नदीला पूर असताना ती मुखाकडे ढकलली जाते. हिवाळ्यापासून ती हळूहळू वर सरकू लागते. वाशिष्ठीत मात्र उन्हाळ्यातही वरून गोड्या पाण्याचा रेटा असतो आणि तो विजेच्या मागणीप्रमाणे दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी कमीअधिक होतो. म्हणजे या खाडीत जाळे टाकणाऱ्याला समुद्राची भरती आणि पोफळीची जनित्रे अशा दोन्हींची वेळ सांभाळावी लागते.

तिथीची पाऊणपट

भरतीची वेळ काढण्यास खाडीतील मासेमाराला छापील कोष्टकाची गरज सहसा पडत नाही. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणच्या किनाऱ्यावरील जुना ठोकताळा आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि तितक्याच अवधीने पुन्हा भरती. वस्तुतः भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि हा ठोकताळा ती पंचेचाळीस मिनिटे धरतो. त्यामुळे पंधरवड्याच्या अखेरीस थोडे अंतर पडते, ते जाणकार अनुभवाने भरून काढतो. हिशेब मुखाजवळचा असतो. दाभोळला भरती पूर्ण झाल्यावर गोवळकोटला ती पोहोचण्यास आणखी दीड-दोन तास जातात. मधल्या प्रत्येक गावाचा स्वतःचा असा फरक असतो आणि तो त्या गावच्या मुलांनाही तोंडपाठ असतो.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत आल्याने भरती मोठी व ओहोटीही मोठी होते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी थोडेच चढते व थोडेच उतरते, तो भांग. उधाणात प्रवाहाला जोर असतो, पाणी गढूळ होते आणि मासळी प्रवाहाबरोबर ओढली जाते. भांगात पाणी मंद व नितळ राहते. कोणते जाळे कोणत्या दिवशी काढावयाचे याचा निर्णय या एका भेदावर अवलंबून असतो.

डोल हे उधाणाचे जाळे होय. रुंद तोंडाची व शेपटाकडे निमुळती होत जाणारी ही मोठी पिशवी प्रवाहाच्या दिशेने तोंड करून खुंटांना बांधतात. जाळे स्थिर राहते आणि प्रवाहच कोळंबी, जवळा व बारीक मासळी त्यात आणून घालतो. पाणी फिरण्यापूर्वी शेपूट होडीत ओढून घेऊन गाठ सोडावयाची, अन्यथा उलट्या प्रवाहाने सारे हाती आलेले निसटते. याच जातीचे लहान जाळे बोकशी या नावाने खाड्यांत वापरले जाते. भांगात याउलट उभी भिंतीसारखी जाळी सोडतात. तिच्या आसांत मासा कल्ल्यांपाशी अडकतो. आसाच्या मापाहून लहान मासा पार होतो व फार मोठा मासा परत फिरतो. तिसरा एक प्रकार खाजणांच्या तोंडाशी व उथळ ओहोळांत पाहावयास मिळतो. ओहोटी असताना ओळीने खुंट रोवून जाळ्याचा खालचा काठ चिखलात दाबून ठेवतात. भरती पूर्ण होताच वरचा काठ उचलून खुंटांना अडकवितात. तिवरांच्या मुळांत चरावयास गेलेली मासळी पाणी उतरताना जाळ्यामागे अडकते. या पद्धतीत मेहनत कमी भासली तरी कंबरभर चिखलात रात्री-अपरात्री उतरणे, ते देखील शिंगाळ्याच्या काट्यांची भीती बाळगून, हे सोपे काम नव्हे. गोवळकोटच्या बाजूला वाशिष्ठीत मगरीही आहेत. त्या पाहण्यासाठी अलीकडे पर्यटक होड्यांतून येऊ लागले आहेत. जाळे फाटलेल्या मासेमाराला त्यांचे तितकेसे कौतुक वाटत नाही.

पाग फेकणे ही मात्र सर्वस्वी एका माणसाची कला. गोल जाळ्याच्या काठाला शिशाची वजने असतात. जाळ्याचा काही भाग खांद्यावर, काही कोपरावर व काही हातात घेऊन, कमरेत वळून तो असा फेकावयाचा की हवेत पूर्ण उघडून पाण्यावर ताटासारखा पडावा. अर्धवट उघडलेल्या पागाखालून बोय सहज उडी मारून जाते. बोयींचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर उठविलेल्या बारीक लाटांवरून ओळखावा लागतो आणि पाग टाकावयाचा तो थव्यावर नव्हे, तर तो जेथे पोहोचणार असेल तेथे.

खाडीच्या उत्पन्नातील एक मोठा वाटा स्त्रियांच्या कष्टाचा आहे, पण मासेमारीच्या हिशेबात तो क्वचितच धरला जातो. पूर्ण ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवरून टोकदार लोखंडी हत्याराने कालवे फोडून काढणे, वाळूमिश्रित चिखलातून हातापायांनी चाचपून तिसऱ्या गोळा करणे, हे काम बहुतांशी त्याच करतात. उधाणाच्या ओहोटीला खडक अधिक उघडे पडतात, म्हणून त्यांचेही वेळापत्रक तिथीवरच चालते. बाजारात मासळी विकण्याचे कामही त्यांचेच.

खेकड्यासाठी लोखंडी कड्याला जाळी बांधून तिच्या मध्यभागी मासळीचे तुकडे लावतात व ती दोरीने तिवरांच्या कडेला सोडतात. अमावास्येचा खेकडा भरलेला व पौर्णिमेचा पोकळ, असा सर्वत्र समज आहे. नुकती कात टाकलेल्या खेकड्याच्या कवचात मांसापेक्षा पाणी जास्त असते आणि कवच कठीण होईपर्यंत त्याला भाव मिळत नाही, एवढे मात्र निश्चित.

येणारे आणि जाणारे

खाडीतील मासळीपैकी फारच थोडी जन्मापासून मरणापर्यंत खाडीत राहते. तिवर, कांदळ व चिपी यांच्या मुळांत पोसली जाणारी कोळंबी अंडी घालते ती समुद्रात. अंड्यातून निघालेली पिले काही आठवडे लाटांवर वाढतात व जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची झाली की भरतीबरोबर खाडीत शिरतात. तिवरांच्या सावलीत काही महिने वाढून ती पुन्हा समुद्राकडे निघतात. खाडीतील डोल जाळ्यात सापडणारी कोळंबी बहुधा या परतीच्या प्रवासातील असते. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचा क्रम याच्या उलट आहे: ती वाढते नदीत, परंतु तिची पिले मचूळ पाण्याखेरीज जगत नाहीत, म्हणून अंडी पोटाशी घेऊन मादीला खाडीपर्यंत खाली यावे लागते. हिरव्या खेकड्याची मादीही अंडी सोडण्यासाठी समुद्राकडे जाते.

जिताड्याचे जीवन याहून विलक्षण आहे. खवय्यांच्या या आवडत्या माशाची वाढ खाडीत व नदीतही होते, परंतु प्रजनन पावसाळ्यात मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात होते. पहिली काही वर्षे प्रत्येक जिताडा नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. तेव्हा जाळ्यात आलेला अवजड जिताडा ही बहुधा मादीच. असे मोठे मासे वेचून काढले गेले, तर उरलेले नर कितीही असले तरी पुढची पिढी निर्माण होऊ शकत नाही. काळुंदर मात्र खाडी सोडत नाही. नर व मादी मिळून दगडावर किंवा बुडालेल्या लाकडावर चिकटविलेली अंडी राखतात, पिलांनाही काही काळ सांभाळतात. त्यांना हवा असतो गाळाने न झाकलेला कठीण तळ.

वरच्या अंगाला, जेथे खाऱ्या पाण्याचा संबंध संपतो, तेथेही असाच प्रवास घडतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढे वाहू लागताच नदीतील मळ्या, खवल, शिंगटी यांसारखे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने ओढ्यांत व भातखाचरांत चढतात. हे चढणीचे मासे पकडणे हा कोकणातील जुना सण म्हणावा असा प्रकार आहे. रात्री बत्ती घेऊन, बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून गावेच्या गावे ओढ्यावर लोटतात. पूर्वी सापळे थोडे होते आणि पुष्कळ मासे निसटत. आता ओढ्याचे संपूर्ण तोंड बारीक आसाच्या नायलॉन जाळ्याने बंद केले जाते. अंड्यांनी भरलेली एकही मादी वर पोहोचत नाही, आणि वर्षभर नदीत मासा का नाही याची चर्चा मात्र होत राहते.

खाडीचे दुखणे

दाभोळ खाडीतील मासळी घटली, ही तक्रार अनेक वर्षांची आहे. तिची कारणे एकाच ठिकाणी शोधून चालणार नाही. परंतु लोटे-परशुराम येथील रासायनिक उद्योगांच्या वसाहतीचे सांडपाणी हे कारण खाडीकाठच्या प्रत्येक गावात प्रथम सांगितले जाते. सामूहिक प्रक्रिया केंद्रातून हे पाणी करंबवणे परिसरात खाडीला मिळते. मासे मरून तरंगण्याचे प्रकार येथे वारंवार घडले आहेत. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीनेही २०११ च्या आपल्या अहवालात लोटे येथील प्रदूषणाची आणि मासेमारांच्या बुडालेल्या रोजगाराची दखल घेतली. उद्योगांनी रोजगार दिला हे खरे. पण मिळालेला रोजगार ज्यांच्या नावावर मांडला जातो आणि गेलेला रोजगार ज्यांच्या घरातून जातो, ती माणसे बहुधा वेगळी असतात.

असे प्रकार उन्हाळ्यात का तीव्र होतात, हे समजून घेण्यासारखे आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातच सेंद्रिय घाण मिसळली तर तिच्या कुजण्यात उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा जोर नसल्याने आतील पाणी बाहेर जात नाही. ते त्याच भागात पुढे-मागे हेलकावत राहते. पकडलेला मासा पाहून मासेमाराला जे कळते ते प्रयोगशाळेच्या अहवालाआधी कळते: कल्ले काळवंडलेले असतात, मांसाला रॉकेलसारखा वास येतो, आणि बाजारात त्या खाडीच्या नावानेच गिऱ्हाईक मागे फिरते.

दुसरे दुखणे गाळाचे. डोंगरउतारांवरील वृक्षतोडीने सुटलेली माती पुरांबरोबर खाली येऊन बसते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर बुडाले, तेव्हा वाशिष्ठीच्या पात्रातील गाळाचा प्रश्न सर्वांच्या नजरेस आला व त्यानंतर शहराजवळ गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. खाडीतील गाळ मात्र नजरेआड राहतो. खोल डोह भरून येतात, कालवांचे खडक झाकले जातात. याच्या जोडीला पंप लावून होणारा वाळूउपसा आहे, जो तळाबरोबर तिसऱ्यांचे थरही उचलून नेतो. गाळ काढणे आणि वाळू उपसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट अपुरी नाही. सुरुंग अथवा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यानेच बंदी केली होती. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. त्यानुसार जून व जुलै या प्रजननाच्या महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये शासनाने चोपन्न प्रजातींसाठी पकडावयाच्या माशाचे किमान आकारमान ठरवून दिले. तिवरांच्या तोडीला मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आळा बसला आणि २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. किनाऱ्यावरील बंदरात मापपट्टी घेऊन उभे राहता येते. चाळीस किलोमीटर खाडीच्या शेकडो ओहोळांत लावलेले बारीक जाळे कोण तपासणार, हा प्रश्न गावाने मनावर घेतल्याविना सुटणारा नाही.

कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेतून २०१७ पासून किनारी गावांतील गटांना खेकडापालन, कालवे व शिनाणे यांचे संवर्धन, पिंजऱ्यातील जिताडापालन यांसाठी साहाय्य मिळते. चेन्नई येथील केंद्रीय मचूळपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बीज बंदिस्त स्थितीत तयार केल्यापासून खाडीतील पिले ओरबाडण्याची गरज उरलेली नाही. पोकळ खेकडे तीन-चार आठवडे खाऊ घालून भरीव करणे हा सर्वांत थोड्या भांडवलाचा उद्योग होय. परंतु पिंजरा असो वा कालवांची दोरी, पाणी खाडीचेच असते. बिघडलेल्या पाण्यातून मुक्त मासा पळून जाऊ शकतो, पिंजऱ्यातील नाही.

आणि पाणी म्हटले की पुन्हा कोयनेकडे वळावे लागते. अवजल समुद्रात ‘वाया जाते’, ते मुंबईकडे किंवा कोकणातील टंचाईग्रस्त भागाकडे न्यावे, अशा योजना वेळोवेळी मांडल्या गेल्या आहेत. टंचाई खरी आहे आणि मागणी रास्त आहे. मात्र सहा दशकांत या खाडीतील खाऱ्या-गोड्या पाण्याची वाटणी अवजल गृहीत धरूनच बसली आहे. ते मोठ्या प्रमाणावर काढून घेतले तर उन्हाळ्यात खारे पाणी गोवळकोटकडे अधिक सरकेल, काठच्या विहिरी मचूळ होण्याचा धोका वाढेल, आणि सांडपाणी सौम्य करणारा वरचा रेटा कमी होईल. किती पाणी काढले असता काय होईल याचे उत्तर मोजणीवाचून देता येणार नाही. गोवळकोट, करंबवणे व दाभोळ येथे उधाणाला व भांगाला, भरतीच्या व ओहोटीच्या वेळी, तळाच्या आणि पृष्ठभागाच्या पाण्याची क्षारता, तापमान व प्राणवायू यांची वर्षभर नोंद ठेवावी लागेल. शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय आणि रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र जिल्ह्यातच आहेत. नमुने भरून आणण्यास होडी लागते व वेळेचे ज्ञान लागते, आणि ती दोन्ही खाडीकाठच्या भोई वाड्यांत आहेत.